एकाच माणसाबद्दल तीन पुस्तकं वाचली आणि आता डोक्यात तीन माणसं आहेत, तुम्ही कसं वाचता?

धरमपेठची_वाचक

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचूनच राहिले होते, आज पहिल्यांदा लिहितेय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं वाचन सुरू झालं बाबांमुळे. नागपुरातल्या सीताबर्डीवरच्या एका भाड्याच्या वाचनालयातून बाबा रोज एक पुस्तक आणायचे, बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार नाहीतर काळा पहाड, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना परत करायचं असायचं. मग काय, मे महिन्यात कूलरसमोर सतरंजी टाकून बाबा वाचायचे आणि मी त्यांच्या खांद्यावरून. त्यांचं पान माझ्याआधी वाचून व्हायचं पण ते पानाचा कोपरा धरून थांबायचे, मी हं म्हटलं की उलटायचे. हेरकथांचं वेड तेव्हापासून आहे ते आजतागायत. चरित्रं मात्र लग्नानंतर वाचायला लागले.

तर झालं असं की मागच्या वर्षी नूर इनायत खानचं चरित्र वाचलं. टिपू सुलतानाच्या वंशातली, १९१४ साली मॉस्कोत जन्मलेली, १९४३ मध्ये ब्रिटिशांची वायरलेस ऑपरेटर म्हणून जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये गेली, पकडली गेली, आणि १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छळछावणीत तिला मारलं. रडले मी ते वाचून, खरंच सांगते. मग तिच्याबद्दल अजून शोधायला लागले. तिला सांकेतिक भाषा शिकवणारे लिओ मार्क्स, त्यांच्या आठवणींचं पुस्तक मिळालं. त्यात ती वेगळीच, भाबडी, खोटं बोलायला न जमणारी, जातककथांमध्ये रमणारी मुलगी. आणि मग ट्रेनिंगच्या अधिकाऱ्यांचे शेरे वाचले तर तिथे चक्क लिहिलंय की डोकं बेताचंच आहे. आणि युद्ध संपल्यावर जर्मनांनी दिलेल्या जबान्या वाचल्या तर तेच शत्रू म्हणतात की हिने आम्हाला काही सांगितलं नाही. आता मी काय समजू? ही सगळी एकच बाई आहे का?

दुसरं म्हणजे माझा मुलगा सहावीत आहे, त्याला शाळेत सीताबर्डीच्या लढाईवर, म्हणजे १८१७ ला नागपूरच्या भोसल्यांची इंग्रजांशी झाली त्या लढाईवर, प्रोजेक्ट दिलाय. त्याने परवा जेवताना विचारलं, आई, नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले चांगले होते का वाईट? माझ्याकडे दोन पुस्तकं आहेत, एकात ते चुलत भावाचा गळा घोटून गादीवर बसलेले आणि तह करून फिरलेले, दुसऱ्यात इंग्रजांपुढे मान न झुकवणारे. पोराला मी जेवून घे म्हणाले, दुसरं काय म्हणणार.

मला खरंच जाणून घ्यायचंय, तुम्ही लोक असं वाचताना काय करता? आधी कोणाच्या बाजूचं वाचता, टिपणं काढता का, का शेवटी जो लेखक पटला त्याच्यावर विश्वास ठेवून मोकळे होता? आणि हेरकादंबरी पण अशीच दोन बाजूंनी वाचता येते का, की त्याने मजा जाते?

---

जुना_महालकर

ताई, आधी मुलाचं कौतुक. सहावीतल्या पोराने हा प्रश्न विचारला म्हणजे त्याने दोन्ही पुस्तकं उघडून पाहिली असणार.

मी जुन्या नागपुरातल्या महाल भागात वाढलो, भोसल्यांच्या वाड्याच्या गल्लीतच, त्यामुळे आप्पासाहेब आमच्याकडे आजोबांच्या तोंडून आले, पुस्तकातून नंतर. या विषयावर गेली वीसेक वर्षं जे मिळेल ते वाचून राहिलो आहे आणि एकच गोष्ट सांगतो, कोण काय म्हणते त्याच्या आधी पाहायचं की तो उभा कुठे होता.

१८१७ च्या नागपूरबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक रिचर्ड जेंकिन्सच्या कागदांतून आलंय. जेंकिन्स म्हणजे कंपनीचा रेसिडेंट, दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, त्याची रेसिडेन्सी सीताबर्डीच्या टेकडीच्या पायथ्याशी, आणि राजवाडा इकडे शहरात. मधे तलाव. म्हणजे वाड्यात काय चाललंय हे जेंकिन्सला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नव्हतं, त्याला ते बातमीदार सांगायचे, अखबारनवीस लिहून द्यायचे, दरबारातले फितूर लोक रात्री येऊन कानात सांगायचे. आणि ही माणसं पैसे घेऊन बातमी देत होती, ज्याला पैसे मिळतात तो गिऱ्हाइकाला हवी तशी बातमी देतो हे हेरकथा वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. जेंकिन्सचा नागपूर राज्याबद्दलचा रिपोर्ट १८२७ ला छापून आला आणि पुढच्या सगळ्यांनी तोच समोर ठेवून लिहिलं. आप्पासाहेबांच्या बाजूने त्या आठवड्याबद्दल तेवढं जाडजूड कोणी लिहिलंच नाही.

आता परसोजीचं पाहा. परसोजी म्हणजे आप्पासाहेबांचा तो चुलत भाऊ, दुसऱ्या रघुजीचा मुलगा, १ फेब्रुवारी १८१७ ला सकाळी बिछान्यात मेलेला सापडला. आप्पासाहेब तेव्हा चांद्याकडे गेलेले. खुनाचा आरोप कंपनीने ठासून मांडला तो कधी, १८१८ मध्ये, आप्पासाहेबांना कैद करताना. आरोप खोटाच आहे असं मी म्हणत नाही, गादी कोणाला मिळाली हे उघड आहे आणि चांद्याला जाऊन बसणं हे पण कोणाला सोयीचं होतं हे दिसतंच. पण मधे लढाई होऊन गेली होती आणि राजाला हटवायला कारण पाहिजे होतं, हे पण त्याच कागदावर लिहून ठेवा.

लढाईचं तसंच. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, आणि सेनापतीपद दरबारात स्वीकारलं, जेंकिन्सला बोलावलं होतं, तो गेला नाही. जेंकिन्सच्या लेखी हा उघड दगा, कारण पेशव्याशी कंपनीचं युद्ध सुरू झालेलं होतं. भोसल्यांच्या लेखी सेनेचं पद, सेनासाहेब सुभा, त्यांच्या घराण्याला सातारच्या छत्रपतींकडून आलेलं, शंभर वर्षांचा रिवाज. एकच दरबार, एकच खिलत. २६ च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो २७ च्या दुपारपर्यंत, आणि शेवटी इंग्रज जिंकले. सकाळी आप्पासाहेबांच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली होती हे पण सांगा मुलाला, कारण शेवट माहीत असला की आपल्याला वाटतं सगळं आधीच ठरलेलं होतं. तसं नव्हतं, त्या सकाळी टेकडीवरच्या गोऱ्यांनाही वाटलं असणार की आता संपलं.

आणि तुम्हाला हेरकथा आवडतात ना, मग पुढचं तर वाचाच. १८१८ च्या मे महिन्यात आप्पासाहेबांना कैदेत अलाहाबादला नेत होते, जबलपूरजवळ रायचूर म्हणून मुक्काम पडला, तिथून रात्री ते कंपनीच्याच शिपायाचा युनिफॉर्म घालून निसटले. पहाऱ्यावरचे शिपाई त्यांना सामील होते. महादेवाच्या डोंगरात गोंडांकडे राहिले, मग असीरगड, मग उत्तरेत पंजाबकडे, आणि शेवटी जोधपूरच्या राजाकडे आसऱ्याला, तिथेच १८४० ला गेले. त्या पहाऱ्यावरच्या शिपायांना कंपनीचे कागद लाच खाल्लेले नमकहराम म्हणतात. आमचे आजोबा ती गोष्ट सांगताना त्या शिपायांपाशी आले की हात जोडायचे.

मी वहीत प्रत्येक घटनेपुढे तीन रकाने ठेवतो, कोणी सांगितलं, तो तिथे होता का, आणि सांगितलं किती वर्षांनी. एवढंच. चांगले का वाईट हा रकाना मी ठेवत नाही.

किल्ला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात, १५ ऑगस्टला पोराला घेऊन वर जा. पूर्वेला तोंड करून उभं करा आणि विचारा, इथून महाल दिसतो का रे.

---

कोलकात्यातला_नागपुरी

काकाजींनी लिहिलं त्याला धरूनच सांगतो. मी नोकरीसाठी सहा वर्षं कोलकात्यात आहे. आमच्या घरी लहानपणापासून ऐकलेलं की पहिल्या रघुजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर, त्यांनी बंगालपर्यंत घोडे नेले, आणि बंगालचा नवाब अलीवर्दी खान याने बोलणी करायला तंबूत बोलावून दग्याने मारलं. मनकऱ्याला, ३१ मार्च १७४४. शाळेत असताना मला अफझलखानाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट जास्त लागायची, कारण इथे आपला माणूस परत आला नाही.

इकडे आलो तर दुसऱ्याच वर्षी ऑफिसातल्या एका मित्राच्या घरी जेवायला गेलो होतो. त्याची आई नातीला मांडीवर थोपटत होती आणि काहीतरी गुणगुणत होती, त्यात मला बर्गी हा शब्द ऐकू आला. मी मित्राला विचारलं बर्गी म्हणजे काय रे, तो सहज म्हणाला, मराठे. बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी आले देशात, बुलबुलाने धान खाल्लं आता सारा कुठून भरू, असं काहीसं ते गाणं आहे आणि बंगालमधल्या जवळपास प्रत्येक घरात म्हणतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावर बसणारा शिपाई. माझ्या गावचा शिपाई. पावणेतीनशे वर्षं झाली आणि अजून त्या भीतीने लेकरं झोपवतात. माझा घास तिथल्या तिथे राहिला. त्या काकूंना मी नागपूरचा आहे हे माहीत होतं, पण बर्गी तिथूनच आले हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं, त्या मला अजून एक मासा घ्या म्हणत होत्या.

त्यानंतर मी शोधून शोधून वाचायला लागलो. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात बंगालीत महाराष्ट्रपुराण लिहिलंय, त्यात गावं कशी जाळली, लोक काय काय डोक्यावर घेऊन पळाले, पंडित पोथ्या घेऊन, सोनार तराजू घेऊन, ते सगळं आहे. कोलकात्यात इंग्रजांनी मराठ्यांच्या भीतीने १७४२ ला खंदक खणायला घेतला, मराठा डिच म्हणून. आणि त्याच वर्षी भास्करपंतांनी कटव्याजवळ दाँईहाटला दुर्गापूजा मांडली होती आणि पूजा चालू असतानाच अलीवर्दीने हल्ला केला. म्हणजे ज्यांच्या नावाने लेकरं घाबरतात तो माणूस त्यांच्याच देवीची पूजा त्यांच्याच गावात करत होता. हे मला अजूनही पूर्ण उमगलेलं नाही. पूजेचा खर्च कुठून आला असेल हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

शेवटी १७५१ ला तह झाला, वर्षाला १२ लाख चौथाई आणि ओडिशाचा महसूल भोसल्यांकडे. आमच्या पुस्तकात हे एका ओळीत आहे, विजयाची ओळ. १२ लाख रुपये कोणाच्या धानातून आले हे त्या गाण्यात आहे.

ताई, तुम्ही विचारलं आधी कोणाचं वाचायचं. मी म्हणेन आधी आपल्या घरचं वाचायचं, मनापासून, हातचं न राखता, आणि मग समोरच्याचं. उलटं केलं तर आपल्या माणसांवर प्रेमच बसत नाही आणि मग दुसरी बाजू वाचून काही हलतच नाही आतमध्ये. भास्करपंत मला अजूनही आपलेच वाटतात. फक्त आता ते नाव घेतलं की ती मांडीवरची पोर पण दिसते.

---

डिडाडिट

मी तारखात्यातून रिटायर झालो. सत्तरच्या दशकात मोर्सवर काम केलंय, नंतर टेलिप्रिंटर आले, आणि २०१३ च्या जुलैत तर तारच बंद झाली. नूरबद्दल वाचलं म्हणून लिहायला बसलो, कारण ती आमच्या धंद्यातली होती.

बाहेरच्या माणसाला कट्ट-कड सगळं सारखंच ऐकू येते. पण आम्हाला पलीकडे कोण बसलंय ते त्याच्या हातावरून कळायचं. माझ्यासमोर रायपूरला एक जण होता, त्याला मी कधी पाहिलं नाही, पण तो डॅश किंचित लांब ओढायचा आणि शब्द संपला की दम घ्यायचा. एक दिवस त्याचा हात जड लागला. मी ड्यूटी संपताना लाइनवरच विचारलं, तब्येत ठीक आहे का. त्याचे वडील आदल्या रात्री गेले होते.

आता हे डोक्यात ठेवून नूरचं वाचा. तिचा हात जड होता, थंडीने बोटं सुजायची आणि ती की जोरात आपटायची, ट्रेनिंगमध्ये यावरून तिला चिडवायचे. शिकवणाऱ्याला वर्गात तेच दिसलं. जून १९४३ मध्ये ती पॅरिसला पोचली आणि काही दिवसांतच तिथलं अख्खं जाळं पकडलं गेलं, लंडनने परत ये म्हटलं, ती आली नाही. साडेतीन महिने घरं बदलत, ते सुटकेसएवढं मशीन घेऊन, अँटेनाची तार खिडकीबाहेर टांगून तिने काम केलं. जर्मनांच्या गाड्या सिग्नलचा माग काढत गल्लीत फिरायच्या, वीस मिनिटं एका जागेवर बसणं म्हणजे जीव गेला. हे वर्गातल्या माणसाला कसं दिसणार? त्याने जे लिहिलं ते त्याच्या जागेवरून बरोबरच असेल. फक्त ती जागा वर्गातली होती.

लिओ मार्क्सचं तर मला फार लागलं. तो कोडवाला, त्याच्यापुढे माणूस नसतो, कागद असतो. त्याने तिच्याशी ठरवलं होतं की अठरा अक्षरांची चावी कधी वापरायची नाही, वापरलेली दिसली की समजायचं ती पकडली गेली. तो लिहितो की तसा संदेश आला. त्याने वर सांगितलं. वरच्यांनी मानलं नाही, जर्मन तिच्या नावाने संदेश पाठवत राहिले आणि लंडन उत्तरं देत राहिलं, नवी माणसं त्यांच्या हातात उतरवत राहिलं. मी हे वाचून पुस्तक बंद करून अंगणात जाऊन उभा राहिलो होतो. पलीकडे दुसराच माणूस बसलाय हे ज्याला कळतं आणि कोणी ऐकत नाही, त्याचं काय होत असेल ते मला समजते.

आणि हो, जर्मन म्हणतात तिने काही सांगितलं नाही, तेही खरं आणि तिने पाठवलेल्या सगळ्या संदेशांच्या नकला वहीत जपून ठेवल्या होत्या आणि ती वही त्यांना सापडली, हेही खरं. दोन्ही एकाच बाईने केलं. तुम्हाला यात तीन माणसं दिसताहेत, मला एकच दिसते. हात जड, मन साफ, आणि जिवाची पर्वा नाही. असे दोन तरी जण माझ्या ऑफिसात होते.

जर्मनांच्या जबान्यांबद्दल एक मात्र लक्षात ठेवा, त्या युद्ध हरल्यावरच्या आहेत. तिला पकडणारा किफर, तिच्या मृत्यूची बातमी ऐकून रडला म्हणतात. रडला असेलही. पण तेव्हा तो स्वतः कैदेत होता, समोर ब्रिटिश अधिकारी बसलेले होते. महालकर साहेबांच्या तीन रकान्यांत चौथा जोडा, सांगताना त्याच्यासमोर कोण बसलं होतं.

---

रात्रपाळी

मी जरा वेगळं बोलतो. चरित्राबद्दल वरचं सगळं मान्य, पण ताई हेरकादंबरीत हे करू नका, निदान पहिल्या वाचनात तरी. कादंबरी लिहिणाऱ्याने ठरवून आपल्याला एका माणसाच्या मागे उभं केलेलं असतं, त्याला जेवढं माहीत तेवढंच आपल्याला, आणि म्हणूनच पान उलटताना छातीत धडधडतं. तिथे वही काढून बसलं की संपलं सगळं. तुमच्या बाबांनी पानाचा कोपरा धरून ठेवलेला असायचा ना, ते तसंच राहू द्या.

दुसऱ्यांदा वाचताना मात्र गद्दाराच्या बाजूने वाचा. पहिल्या पानापासून त्याला सगळं माहीत आहे असं धरून. मी हे रात्रपाळीत करतो, वेळ भरपूर असतो, आणि चांगली कादंबरी असेल तर ती दुसऱ्यांदा जास्त भीतिदायक होते कारण आता तो चहा ओततानाही काय विचार करतोय ते तुम्हाला कळतं. जी कादंबरी दुसऱ्या वाचनात कोसळते ती पहिल्यांदाही कच्चीच होती.

आणि खऱ्या गद्दाराचं पाहिजे असेल तर किम फिल्बी. जन्म आपल्याकडचा, १९१२ ला अंबाल्यात, ब्रिटिश गुप्तहेर खात्यात वरपर्यंत चढला आणि सगळा वेळ रशियाचा माणूस होता, १९६३ ला बैरूतहून पळून मॉस्कोला गेला. १९६८ ला त्याने स्वतःचं पुस्तक लिहिलं. त्याला प्रस्तावना कोणाची, तर त्याच्याच हाताखाली काम केलेल्या कादंबरीकार ग्रॅहम ग्रीनची. ते पुस्तक आणि त्याच्या मित्रांनी लिहिलेलं, असं पाठोपाठ वाचा. फिल्बीचं वाचताना मला तो आवडायला लागला होता, हे मी कबूल करतो. मग त्याने कळवलेल्या बातम्यांमुळे अल्बेनियात उतरवलेली माणसं कशी मेली ते वाचलं आणि ते आवडणं गळ्यात अडकलं.

आपल्याकडचं नवीन म्हणजे २०१८ ला रॉचे माजी प्रमुख दुलत आणि आयएसआयचे माजी प्रमुख दुर्रानी यांच्या गप्पांचं पुस्तक आलं, दोघं समोरासमोर बसून. पाकिस्तानी लष्कराने दुर्रानींची लगेच चौकशी लावली. ते वाचताना कोण काय बोलला त्यापेक्षा कोण कुठे गप्प बसला ते पाहा.

---

इंदोऱ्याची_लेक

हा धागा दोनदा वाचला. माझं उदाहरण हेरांचं नाही तरी सांगते.

पुणे करार, २४ सप्टेंबर १९३२. मी बाबासाहेबांची चरित्रं वाचत मोठी झाले, धनंजय कीरांचं, मग खैरमोड्यांचे खंड, त्यामुळे माझ्यासाठी पुणे करार म्हणजे हातात आलेलं काढून घेतल्याचा दिवस. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते, येरवड्यात गांधीजींनी उपोषण मांडलं, आणि बाबासाहेबांसमोर एका माणसाचा जीव ठेवला गेला. कॉलेजात असताना लायब्ररीत गांधीजींच्या बाजूचं पुस्तक हातात आलं, त्यांचे सचिव प्यारेलाल यांचं, त्याच वर्षी लिहिलेलं. नावच द एपिक फास्ट. मला नाव वाचूनच राग आला होता. पण वाचलं. त्यात दिवसागणिक खालावणारी तब्येत आहे, बाहेर देवळं उघडली जाताहेत, विहिरी उघडल्या जाताहेत, आणि लिहिणाऱ्याला खरोखर वाटतंय की देश बदलतोय. तो खोटं लिहीत नाहीये. तो त्या खाटेच्या बाजूने पाहतोय. आणि आमची माणसं कामठी रोडला, परळला, जिथे होती तिथे होती.

आकडे पाहिले तर प्रांतांच्या कायदेमंडळांत अस्पृश्यांच्या ७१ जागा होत्या त्या १४८ झाल्या. एका पुस्तकात हा फायदा आहे. दुसऱ्यात प्रश्न आहे की स्वतंत्र मतदारसंघ गेल्यावर त्या १४८ जणांना निवडून कोण देणार. आकडा दोन्हीकडे तोच, त्यावर भांडण नाहीच.

मी तरी यातून मधला मार्ग काढला नाही आणि काढणारही नाही, कारण माझी बाजू मला माहीत आहे. पण आता मी दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बोलू शकते, तो काय वाचून आलाय हे मला पाठ आहे. आणि कीरांचंच पाहा ना, सावरकर, आंबेडकर, टिळक, फुले, गांधी, सगळ्यांची चरित्रं एकाच माणसाने लिहिली आहेत. ती सलग वाचली की एकाच घटनेत लेखक कोणाच्या खुर्चीमागे उभा राहिलाय ते दिसायला लागतं. हे कोणीतरी करून पाहाच.

माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती. पुस्तकात लाखोंचा समुदाय. आजी सांगायची, माझ्यासमोर एका बाईने पांढरं पातळ नवीन घेतलेलं आणि त्याची घडी मोडलेली नव्हती, मला दिवसभर त्या घडीची रेघच दिसत होती, बाबासाहेब दिसले नाहीत, आवाज आला. आजीचं हे कोणत्याच चरित्रात नाही, मी लिहून ठेवलंय.

धरमपेठच्या ताई, नूरने १९३९ मध्ये जातककथांचं पुस्तक काढलं होतं, वीस कथांचं. मिळालं तर तेही वाचा. तिच्याबद्दल सगळे बोलताहेत, ते एक तिचं स्वतःचं आहे.

---

धरमपेठची_वाचक

कालपासून चार वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. डिडाडिट काका, तुमचा रायपूरचा माणूस मी नवऱ्याला वाचून दाखवला, तो बराच वेळ काही बोलला नाही.

जातककथांचं पुस्तक मागवलंय. फिल्बी नंतर, आत्ता एवढ्यात नाही झेपणार. रात्रपाळी, तुमचं पटलं, बाबांच्या कादंबऱ्यांना वही लावणार नाही. त्यातल्या चार अजून माळ्यावर आहेत, वाचनालय बंद झालं तेव्हा बाबांनी रद्दीच्या भावात घेतलेल्या.

आणि काल रात्री मुलगा आणि मी बसलो. त्याच्या प्रोजेक्टच्या कागदावर महालकर काकांचे तीन रकाने आखले, चौथा पण जोडला. परसोजीच्या ओळीपुढे त्याने लिहिलं, सांगणारा: जेंकिन्स. तिथे होता का: नाही. मग पेन्सिल चावत बसला. म्हणाला, आई, आप्पासाहेबांच्या ओळीत सांगणारा कोण लिहू? मी म्हटलं कोणी नाही मिळालं तर रिकामं ठेव. तो म्हणाला बाई मार्क कापतील.

रिकामंच ठेवलंय. १५ ऑगस्टला किल्ल्यावर जातोय, कोणी येणार असेल तर सांगा, डब्यात तर्री पोहे आणते.